तबकडी, फीत आणि आपली गाणी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. पत्रे आणि किराण्याची यादी यांपलीकडे लेखणी धरण्याची मला सवय नाही. परंतु त्याच आठवड्यात साफसफाईसाठी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली आणि तीत कॅसेटची एक रिकामी डबी सापडली. डबीतल्या कागदावर माझ्याच अक्षरांत लिहिले होते, "कानबाईची गाणी. सासूबाई व शेजारच्या बायका. श्रावण १९८४." आत कॅसेट नव्हती. ती का नव्हती हे मला ठाऊक होते. ते पुढे सांगणारच आहे. त्या डबीकडे पाहता पाहता मनात आले की, याच विषयावर का लिहू नये? गाणे साठवून ठेवण्याची विद्या आपल्या महाराष्ट्रात कशी आली, लहान लहान कंपन्यांनी त्यात काय काम केले, आणि आपण बायका त्यात कुठे राहिलो, हे चार भगिनींपुढे मांडावे. मी संगीताची जाणकार नव्हे, नुसती ऐकणारी आहे. त्या नात्याने जे ठाऊक आहे तेवढेच सांगते.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९५५ च्या आगेमागे, आमच्या आळीत एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे फोनो होता. पितळी भोंगा, खाली लाकडी पेटी, बाजूला किल्ली. किल्ली फिरवून चावी द्यायची, तबकडी ठेवायची, टाचणी हलकेच टेकवायची, की आधी खरखर आणि मग गाणे. तीन-साडेतीन मिनिटांत एक बाजू संपे. दर बाजूला टाचणी बदलावी असा नियम. पण काटकसरी घरांत एकाच टाचणीवर दहा गाणी होत, आणि त्यामुळे तबकड्या लवकर झिजत. पुरुषमंडळी ओट्यावर बसत, आम्ही मुली पायरीवर, आणि बायका माजघराच्या दाराआड. माझी आजी तिथेच बसून बालगंधर्व ऐके. तिने नाटक कधी पाहिले नव्हते. थिएटरात जाणे तिच्या पिढीतल्या खेड्यातल्या बाईला शक्यच नव्हते. पण नाटकातली पदे तिला पाठ होती. दाराआड बसलेल्या बाईपर्यंत गाणे पोचवले ते त्या काळ्या तबकडीने. हा तिचा पहिला उपकार आपण विसरू नये.

ती तबकडी कशाची होती, हे ऐकून पुष्कळजणींना नवल वाटेल. ज्या लाखेच्या बांगड्या आपल्या आज्या भरत, तीच लाख तबकडीत असे. पळस, बोर, कुसुंब या झाडांवर लाखेचे किडे पोसले जातात. त्यांच्यापासून मिळणारी लाख आपल्या देशातून साऱ्या जगाला जाई. लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून तापवलेल्या लगद्यावर साचा दाबला की तबकडी तयार. म्हणूनच ती हातातून पडली की बांगडीसारखीच फुटे. व्यापाऱ्याच्या घरी फुटलेल्या तबकडीचे तुकडे आम्ही मुली सागरगोट्यांच्या जागी खेळायला नेत असू.

आता थोडे मागे जाऊ. एडिसनने आवाज साठवणारे यंत्र १८७७ साली केले. पुढे दहा वर्षांनी बर्लिनर याने चपटी तबकडी काढली. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणासाठी ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग हा तंत्रज्ञ १९०२ साली कलकत्त्यास आला, आणि गौहर जान या गायिकेचे गाणे त्याने त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मुद्रित केले. तेव्हा वीज वापरून ध्वनिमुद्रण होत नसे. मोठ्या भोंग्यात तोंड घालून खड्या आवाजात गावे लागे. मेणाच्या चकतीवर रेघ उठे, आणि त्या चकत्या जर्मनीत हॅनोव्हरला पाठवून तिथे तबकड्या छापल्या जात. तिथल्या कारागिरांना कोण गायले हे कळावे म्हणून गाणे संपताच गौहर जान आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगे. पुढे १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारा मायक्रोफोन आला आणि मग भोंग्यात ओरडण्याची गरज उरली नाही. हळू, भावपूर्ण गाणेही तबकडीवर उतरू लागले. मराठी भावगीताचा जन्म ज्या काळात झाला तो हाच काळ. आवाज चढवल्यावाचून गाता येऊ लागले, ही गोष्ट भावगीताच्या वाढीला पोषक ठरली असे मला वाटते.

या धंद्यात मोठी कंपनी म्हणजे कुत्र्याच्या चित्राची. तिचा पसारा साऱ्या देशभर. मोठ्या कंपनीचा हिशेब मोठाच असतो. मेणाची चकती, तिच्यावर धातूचा मुलामा, त्यावरून साचा, असा सारा खर्च एकदा करावाच लागे, मग तबकड्या पन्नास काढा की पाच हजार. म्हणून नाव असलेल्या गायकाला ती प्रथम घेई. यात तिचा दोष आहे असे मी म्हणत नाही. धंदा म्हटला की हे आलेच. परंतु ज्याचे नाव झालेले नाही, ज्याचे गाणे दोनचार जिल्ह्यांतच ऐकले जाते, त्याने जावे कुठे? इथेच लहान कंपनीचे काम सुरू होते.

आपल्या मुंबईत १९३५ साली नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी निघाली. वडाळ्याला तिचा कारखाना होता. तिच्या तबकड्यांवर 'यंग इंडिया' हे नाव असे. गांधीजींच्या साप्ताहिकाचेही हेच नाव होते, आणि त्या काळात हे नाव वाचताच लोकांच्या मनात काय येई ते सांगायला नको. बड्या कंपन्यांची मालकी साहेबांची. ही आपल्या लोकांची. बड्या कंपनीने ज्यांना करारात बांधले नव्हते असे नवे, हौशी, फारसे नाव न झालेले गायक तिने घेतले. चित्रपटांतली चालती गाणी दुसऱ्या गळ्यांकडून गाववून स्वस्तात विकणे, हाही तिच्या व्यवसायाचा एक भाग होता. कोणी त्याला नक्कल म्हणेल. पण त्या नकलेच्या निमित्ताने कितीतरी सामान्य घरांतल्या मुलामुलींना आपला आवाज तबकडीवर ऐकता आला. सुमारे वीस वर्षे ही कंपनी चालली आणि हजारो गाणी तिने काढली. आज जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांकडे ती सापडतात. त्यांत असे कितीतरी गायक आहेत की ज्यांचे गाणे त्या तबकडीवाचून आज कुठेच उरले नसते.

कलकत्त्यातही असेच घडले. तिथे चंडीचरण साहा यांनी १९३२ साली 'हिंदुस्थान' नावाची कंपनी काढली आणि तिची पहिली तबकडी रवींद्रनाथ ठाकुरांच्या आवाजाची होती. टाइपरायटर विकण्याचे काम केलेल्या एका तरुणाची सुरुवातीची गाणीही याच कंपनीने काढली. तो तरुण म्हणजे कुंदनलाल सैगल. नवखा गळा घेण्याची जोखीम लहान कंपनी पत्करते आणि मग सारा देश तो गळा ऐकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. गंमत अशी की, कलकत्त्यातील काही लहान कंपन्या आपल्या तबकड्या मोठ्या कंपनीच्याच कारखान्यातून छापून घेत. म्हणजे जाते शेजारणीचे आणि दळण आपले! मुंबईच्या कंपनीने मात्र वडाळ्याला स्वतःचेच जाते मांडले होते.

आता बायकांचे काय, हे आपल्या मंडळात विचारलेच पाहिजे. सुरुवातीच्या तबकड्यांवर ज्या स्त्रिया गायल्या त्या बहुतेक गाणे हाच ज्यांचा पिढीजात व्यवसाय अशा घराण्यांतल्या. समाजाने त्यांचे गाणे आवडीने ऐकले, पण त्यांना मान मात्र दिला नाही. तबकडीवर नाव छापताना कुलीन म्हणवणाऱ्या घरातल्या गायकगायिकांच्या नावापुढे 'हौशी' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द घालण्याची रीत त्या काळी होती, म्हणजे हे पोटासाठी गात नाहीत असे गिऱ्हाइकाला कळावे. पुरुषाच्या नावापुढे पदवी छापत. गो. ना. जोशी यांच्या नावापुढे बी. ए., एल्‌एल्. बी. अशी अक्षरे असत. पुढे हेच जोशी मोठ्या कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि त्यांनी पुष्कळ थोर गायकांना तबकडीवर आणले. गाण्याला प्रतिष्ठा यावी म्हणून त्याला पदवीचा आधार द्यावा लागे, असा तो काळ!

ही अढी मोडण्याचे श्रेय ज्या थोड्या स्त्रियांकडे जाते त्यांत हिराबाई बडोदेकरांचे नाव पहिले. १९०५ साली मिरजेस जन्मलेल्या हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर बैठकी केल्या. पुरुष गवई बसतात तशाच त्या बैठकीवर बसत आणि गात. हावभाव नाही, मुरका नाही, अंगभर नऊवारी लुगडे. त्यांच्या तबकड्या घरोघर गेल्या आणि "आमच्या मुलीला हिराबाईंसारखे गायला शिकवा" असे आईबाप म्हणू लागले. घरात आलेल्या तबकडीने केवळ करमणूक केली असे नाही; तिने मुलींना गाणे शिकण्याची वाट मोकळी केली. १९७० साली हिराबाईंना पद्मभूषण मिळाले आणि १९८९ साली त्या गेल्या. पण त्यांचा गळा आपल्यापाशी आहे. आपल्या नाशिकशी ज्यांचे बालपण जोडलेले, त्या द. वि. पलुसकरांचेही तसेच. अवघ्या चौतिसाव्या वर्षी, १९५५ साली, ते वारले. तबकड्या नसत्या तर आज त्यांचे नुसते नाव सांगावे लागले असते.

इथवर सारे कौतुकाचे झाले. आता एक खंत सांगते.

वडाळ्याचा कारखाना १९३५ साली सुरू झाला आणि १९५५ च्या सुमारास थांबला. बरोबर याच काळात आपल्या खानदेशात, जळगावला, एक विधवा शेतकरीण दळताकांडताना, शेतात राबताना स्वतःची गाणी रचून म्हणत होती. तिला अक्षरओळख नव्हती. तिचे नाव बहिणाबाई चौधरी. १८८० साली असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई डिसेंबर १९५१ मध्ये वारल्या. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव यांनी व घरातल्या मंडळींनी त्यांची काही गाणी कागदावर टिपून ठेवली होती. आचार्य अत्र्यांनी ती पाहिली, त्यांना हा ठेवा वाटला, आणि १९५२ साली पुस्तक निघाले. महाराष्ट्र थक्क झाला. पण तोवर त्या स्वतः नव्हत्या. शब्द राहिले, जात्यावर बसून त्या ते कोणत्या लयीत म्हणत, कुठे थांबत, कुठे आवाज चढवीत, हे आपल्याला पुस्तकातून कसे कळावे? मुंबईत तबकड्या काढणाऱ्या कंपन्या होत्या, रेल्वेने एका रात्रीचा प्रवास होता. पण जात्यावरचे गाणे हे 'गाणे' आहे, ते साठवण्याजोगे आहे, असे ना कंपनीला वाटले ना घरच्यांना. आणि एक बहिणाबाई कळली तरी. न कळलेल्या किती गेल्या असतील!

लहान कंपनी मोठीपेक्षा जवळची असते हे खरे. पण तीसुद्धा शहरापाशीच थांबली. देवळ्याच्या, कळवणच्या, सटाण्याच्या बाईचा आवाज वडाळ्यापर्यंत पोचला नाही.

पुढे फीत आली. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट काढली. आपल्याकडे तिचा खरा प्रसार झाला तो १९७५–८० नंतर. आखाती देशांत कामाला गेलेले लोक येताना टेपरेकॉर्डर आणू लागले, सरकारी निर्बंध सैल झाले, आणि बघता बघता खेडोपाडी कॅसेट वाजू लागली. तबकडी काढायला कारखाना लागे. कॅसेट काढायला एक खोली आणि दोन-चार यंत्रे पुरत. त्यामुळे देशात शेकडो लहान कंपन्या निघाल्या. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ साली या विषयावर एक अख्खे पुस्तक लिहिले आहे. एकाच मोठ्या कंपनीच्या हाती असलेला बाजार गावोगावच्या लहान कंपन्यांनी कसा फोडला आणि प्रांतोप्रांतीची बोलीतली गाणी, भजने, लोकगीते प्रथमच कशी विकली जाऊ लागली, हे त्यात सांगितले आहे. याला दुसरी बाजूही होती. नक्कल करणे सोपे झाल्यामुळे चोरट्या कॅसेटांचा सुळसुळाट झाला, आणि गायकाच्या हाती पैसा पडेना.

या लहान कंपन्यांत महाराष्ट्रापुरते एक नाव आदराने घ्यावे लागते, ते पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसचे. कर्वे रस्त्यावर सुरेश अलूरकर यांचे हे कॅसेटचे दुकान होते, आणि त्याच नावाने ते स्वतः कॅसेटही काढीत. तबकडीत तीन मिनिटांत मावेल एवढाच ख्याल गवयाला म्हणावा लागे. म्हणजे घासभर जेवण. कॅसेटच्या एका बाजूला अर्धा तास गाता येई. मल्लिकार्जुन मन्सूर, शरच्चंद्र आरोलकर यांच्यासारख्या बुजुर्गांचे आणि उल्हास कशाळकरांसारख्या पुढच्या पिढीच्या गायकाचे गाणे अलूरकरांनी असे सविस्तर लोकांपुढे ठेवले. आरोलकरांसारखे गाणे म्हणजे बाजारात हातोहात खपणारा माल नव्हे. पण पुण्यात ते कान देऊन ऐकणारे रसिक होते, गाणारे होते, शिकणारे विद्यार्थी होते, आणि कंपनी त्यांच्याच वस्तीत होती. दुकानदाराला गिऱ्हाइकाची आवड ठाऊक, गिऱ्हाइकाला दुकानदाराची पारख ठाऊक. लहान कंपनी टिकते ती या ओळखीवर. तिला लाख गिऱ्हाइके नकोत. जाणती, पुन्हा पुन्हा येणारी थोडीच पुरतात. म्हणून मी म्हणते, अशा कंपनीची निम्मी मालकी ऐकणाऱ्याकडे असते. ऐकणारे उठून गेले की कंपनी मिटली.

माझा धाकटा भाऊ तेव्हा पुण्यास नोकरीस होता. मन्सुरांची एक कॅसेट त्याने मला आणून दिली, आणि सोबत आपला जुना टेपरेकॉर्डरही. "ताई, यात नुसते ऐकायचे नाही, भरताही येते," असे म्हणून त्याने लाल बटण दाखवले. त्या वर्षीच्या श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आमच्याकडे कानबाई बसली. आपल्या भागातल्या वाचकभगिनींना कानबाई सांगायला नको. नारळाची स्थापना, रोट, रात्रभर जागरण आणि अहिराणीतली गाणी. सासूबाई गाण्यांत पुढे असत. त्यांना किती गाणी येत याची मोजदाद नव्हती. एक संपले की दुसरे. मी टेपरेकॉर्डर देव्हाऱ्याच्या बाजूला पाटावर ठेवला आणि लाल बटण दाबले. दुसऱ्या दिवशी विसर्जन करून आल्यावर ती कॅसेट त्यांना ऐकवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मना आवाज एवढीशी डबीमा कसा मावना व माय?" आणि पदराने डोळे पुसले. सत्तरीच्या जवळ आलेल्या त्या बाईला आपला आवाज बाहेरून कसा येतो हे त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

पुढल्या उन्हाळ्यात आमच्या घरी लग्न निघाले. त्या काळी कोरी कॅसेट दुकानात दिली की हवी ती सिनेमाची गाणी भरून मिळत. माझ्या थोरल्याने कपाटातली एक कॅसेट उचलली आणि नेऊन भरून आणली. त्याने डबी पाहिलीच नव्हती. कॅसेट डबीबाहेर होती, आणि ती बाहेर ठेवली होती मीच. तिच्यावर काही लिहिलेले नव्हते. लिहिले होते ते डबीतल्या कागदावर. मांडवात टेप लावली आणि कानबाईच्या जागी सिनेमातले गाणे वाजू लागले, तेव्हा माझ्या पोटात धस्स झाले. कॅसेटच्या पाठीमागच्या दोन बारीक कड्या मोडून टाकल्या की तिच्यावर पुन्हा सहजासहजी भरता येत नाही, हे भावाने मला नंतर सांगितले. दोन कड्यांचा प्रश्न होता! मी सासूबाईंपाशी गेले तर त्याच माझी समजूत घालू लागल्या, "जाऊ दे व माय, पुढना सालले परत म्हणसू." पण पुढल्या श्रावणापूर्वीच त्या गेल्या. त्यांना येत होती त्यांतली चारदोन गाणी मला अर्धवट येतात. बाकीची त्यांच्याबरोबर गेली. मुलाला मी कधी बोलले नाही, कारण चूक माझी होती.

असो. रडगाणे गाण्यासाठी हा लेख लिहायला घेतलेला नाही.

जे मला जमले नाही ते इतरांनी केले आहे, हेही सांगितले पाहिजे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातव्हँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावे, आणि ओव्या लाखाहून अधिक! पुढे त्यांतल्या पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले आणि १९१७ नव्हे, २०१७ सालापासून, म्हणजे अगदी आपल्या डोळ्यांदेखत, 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या लोकांपुढे आणल्या. विशेष हे की, ओवीबरोबर ती म्हणणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि तिची हकीकत दिलेली असते. तबकडीच्या काळात 'हौशी' म्हणून छापण्यासाठी बाईला आपले कूळ दाखवावे लागे. इथे ती आहे तशी, स्वतःच्या नावाने उभी आहे. बाहेरच्या जगातही हा विचार नवा नाही. न्यूयॉर्कला मोझेस ॲश यांनी १९४८ साली 'फोकवेज' नावाची लहानशी कंपनी काढली. जगभरची लोकगीते, मजुरांची गाणी, मुलांची गाणी अशा दोन हजारांहून जास्त ध्वनिमुद्रिका त्यांनी काढल्या, आणि एखादीची विक्री अगदी थोडी झाली तरी ती यादीतून काढून टाकली नाही. त्यांच्या पश्चात हा सारा संग्रह तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयाने सांभाळायला घेतला. खपते तेच ठेवायचे असे नाही; आपले आहे म्हणून ठेवायचे, ही दृष्टी त्यामागे आहे.

आज परिस्थिती अशी आहे की, ध्वनिमुद्रणाचे यंत्र प्रत्येक सुनेच्या हातात आहे. मेणाची चकती नको, लाख नको, वडाळ्याला जायला नको. वाढदिवसाचा केक कापताना आपण दहा वेळा ते यंत्र काढतो. मग आजेसासूबाई ओवी म्हणतात तेव्हा ते पिशवीतच का राहते? माझी मंडळाला नम्र सूचना आहे की, या वर्धापनदिनापासून मंडळानेच आपली एक लहानशी 'कंपनी' काढावी. तिला भांडवल नको, नफा नको. कानबाईची, भुलाबाईची, जात्यावरची, हळदीची, पाळण्याची अशी जी गाणी आपल्या घरांतून अजून म्हटली जातात ती ज्या त्या घरातल्या लेकीसुनेने टिपावीत.

जुन्या कंपन्यांकडून तीन गोष्टी मात्र शिकाव्यात. पहिली, प्रत्येक गाण्याला क्रमांक द्यावा. जुन्या तबकड्यांवर क्रमांक असत म्हणूनच आज संग्राहक त्यांचा छडा लावू शकतात. १९९० साली मुंबईस अशा संग्राहकांची एक संस्थाच स्थापन झाली आणि तिने जुन्या तबकड्यांविषयी मोलाची माहिती छापून ठेवली. दुसरी, गाणारीचे नाव, तिचे माहेर, गाणे कोणाकडून आले आणि कोणत्या सणाचे, हे एका वहीत लिहावे. आणि तिची परवानगी घेतल्यावाचून ते बाहेर कोणाला देऊ नये. तिसरी गोष्ट मी माझ्या पैशाने शिकले आहे: एकच प्रत ठेवू नये. एक घरी, एक मंडळाच्या कपाटात, एक परगावी असलेल्या लेकीकडे. गाताना आजी चुकली, खोकली, मध्येच सुनेला हाक मारून दूध उतू जाईल म्हणाली, तर ते तसेच राहू द्यावे. तेही आपल्या घराचेच आहे.

ती रिकामी डबी मी टाकलेली नाही. तिच्यातल्या कागदावरचा मजकूर मंडळाच्या वहीत पहिल्या पानावर उतरवून घ्यावा, म्हणजे पहिला क्रमांक सासूबाईंच्या न राहिलेल्या गाण्यांना मिळेल. दुसऱ्या क्रमांकासाठी मला येणारी ती चारदोन अर्धवट गाणी मी स्वतः म्हणेन. गळा पूर्वीसारखा राहिलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. ज्या भगिनींना त्यांच्या पुढच्या ओळी येत असतील त्यांनी येत्या श्रावणात अवश्य यावे आणि माझे राहिलेले पुरे करावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.